निवृत्ती पाळीची, आईची नव्हे!

डिसेंबरची सकाळ. आई आणि मी नालासोपाऱ्याहून ‘रिटर्न’ मारतोय. म्हणजे आधी उलटं विरारला जायचं आणि तीच गाडी चर्चगेटकडे वळली की आरामात बसून यायचं. (नालासोपारावाल्यांना समजावून सांगायची गरज नाही!) डब्यातल्या निम्म्या बायका शाल, स्कार्फ गुंडाळून बसलेल्या. आणि माझी आई? चेहरा लालबुंद, मानेवर घामाच्या धारा आणि पासच्या कव्हराने वारा घेणं चालू. समोरच्या मुलीने काळजीने विचारलं, “काकू, बरं वाटत नाहीये का?” उत्तर मीच ठोकून दिलं, “काही नाही गं, मेनोपॉज आहे तिला.”

भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत आई गप्प. मग हळूच म्हणाली, “सात वर्षं झाली. तुझ्या त्या एका शब्दात सगळं बसतं का गं?”

शब्दांवर पोट भरणारी मी. पण तेव्हा एक शब्द सुचला नाही.

लेबलं घ्या, लेबलं!

त्या सात वर्षांत आईला काय काय लेबलं लागली, आठवून बघितलं. बाबांच्या मते ‘चिडचिड’. नाक्यावरच्या केमिस्टच्या मते ‘टेन्शन’. ऑफिसातल्या ज्युनिअर्सच्या मते ‘मूडी मॅडम’. आणि मास कॉमची डिग्री मिरवणाऱ्या लेकीच्या मते ‘मेनोपॉज’. आईचा स्वतःचा शब्द मात्र साधा होता: “अंगातून वाफा येतात.” त्यापलीकडे तिला झोप नव्हती, सांधे धरायचे, फाइल हातात घेऊन ‘मी कशाला उठले होते?’ असं व्हायचं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बरं, आपण ज्याला सरसकट मेनोपॉज म्हणतो तो खरं तर एकच दिवस असतो! शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, ‘झाला मेनोपॉज.’ त्याच्या आधीची काही वर्षं पेरिमेनोपॉज, नंतरचं सगळं आयुष्य पोस्टमेनोपॉज. आणि वाफा? अमेरिकेत ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास १९९६ पासून हजारो बायकांवर सुरू आहे. त्याचे २०१५ मध्ये आलेले आकडे सांगतात, की ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांचा हा त्रास साधारण ७.४ वर्षं चालतो. त्यातली साडेचार वर्षं तर शेवटच्या पाळीनंतरची. म्हणजे आई ‘जरा जास्तच करत’ नव्हती. ती अगदी सरासरीत होती!

नाव बदललं की नजर बदलते

मेनोपॉज हा शब्द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केला. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने एका गाजलेल्या पुस्तकात त्याला चक्क ‘कमतरतेचा आजार’ ठरवलं. योनीमार्गाच्या कोरडेपणाला डॉक्टर जो शब्द वापरायचे, त्याचा अर्थच ‘झिजणं, सुकणं’ असा होता. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या संस्थांनी तो बदलला, कारण तो ऐकून बायका तोंडच उघडत नव्हत्या. आणि आपल्याकडे? रजोनिवृत्ती! निवृत्ती म्हटलं की आपल्याला आठवतो नारळ, शाल आणि निरोप समारंभ.

हसू नका. आईच्या पर्समध्ये खरोखरच व्हीआरएसचा फॉर्म होता. वय त्रेपन्न. “मीटिंगमध्ये घाम फुटला की सगळे बघतात. नको वाटतं,” ती म्हणाली.

त्या रात्री तिने अजून एक गोष्ट सांगितली, जी ऐकून माझ्याच अंगाला घाम फुटला. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गेले दोन महिने पुन्हा थोडं रक्त जात होतं. “मेनोपॉजचंच असेल म्हणून बोलले नाही.” शेजारच्या काकूंचा सल्ला तयार होता: “पिशवी काढून टाका, कटकट नको.”

लेबलाखाली काय दडलंय?

वसईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी स्पष्ट सांगितलं: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ते मेनोपॉजच्या खात्यात टाकायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूणही असू शकते. सोनोग्राफी, बायोप्सी... रिपोर्टची वाट बघताना आमच्या घरात कुणीच ‘मूडी’ शब्द उच्चारला नाही. निघाली एक साधी गाठ, पॉलिप. काढून टाकली. पिशवी जागेवर!

काकूंचा सल्ला किती महाग पडतो ते महाराष्ट्राने पाहिलंय. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये विधान परिषदेत दिली गेली. त्यात ऊसतोडणी करणाऱ्या कितीतरी तरुण बायका होत्या. पिशवी काढली की पाळी थांबते, वाफा नाही. अंडाशयंही काढली तर त्या अचानक आणि जोरात सुरू होतात.

मग औषध? हार्मोन्सचं नाव काढताच आई घाबरली. ती भीती २००२ ची. तेव्हा अमेरिकेतली एक मोठी चाचणी धोके दिसल्यामुळे मध्येच थांबवली होती. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, असं आज तज्ज्ञ मानतात. ब्रेस्ट कॅन्सर, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर मात्र सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन्सशिवायची औषधंही आहेत. निर्णय डॉक्टरांबरोबर, केमिस्टबरोबर नव्हे.

तुमच्या घरासाठी, ऑफिससाठी

* ‘तुला काय झालंय?’ ऐवजी ‘नेमकं काय होतं?’ असं विचारा.
* वाफा, झोप, धडधड, रक्तस्राव, सगळं तारखेसकट महिनाभर लिहून ठेवा. डॉक्टरांना हीच वही दाखवा.
* थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासा. सगळा थकवा वयाचा नसतो. हाडांबद्दलही विचारा.
* सीनिअर मॅडमनी एसी वाढवायला सांगितला तर तोंड वेडंवाकडं करू नका. तुम्ही स्वेटर घालू शकता, त्या कातडी काढून ठेवू शकत नाहीत!

आईच्या वाफा पूर्ण गेलेल्या नाहीत, कमी झाल्यात. व्हीआरएसचा फॉर्म अजून पर्समध्येच आहे. हल्ली त्याची घडी घालून ती वारा घेते.