धूळ उठते तिथेच धरा
घरातल्या छोट्या कारखान्यासाठी काही व्यवहारी गोष्टी

घोडपदेवचा माणूस म्हणजे हातात कसब असलेला माणूस. एका अंगाला गिरण्या, दुसऱ्या अंगाला रे रोडचा लाकूडबाजार, लकडी बंदर आणि दारुखान्यातले जहाजांचे भंगार. या दोहोंच्या मध्ये आपली वस्ती वाढली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले हजारो पुन्हा कधी साच्यावर गेलेच नाहीत. आज घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. गिरणी गेली, पण हात रिकामे बसत नाहीत. कोणी फर्निचरची दुरुस्ती करतो, कोणी देव्हारे आणि फोटोच्या चौकटी बनवतो, कोणी खिडक्यांचे ग्रिल घासून रंगवतो. भाड्याचा गाळा परवडत नाही, म्हणून काम घरातच चालते.

आम्ही पोटासाठी कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीत फिरतो. अशा घरांतून आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. मशीन नवे असते, कटर झकास असतो, पण धुळीची व्यवस्था काहीच नसते. कारागीर दिवसातून चार-पाच तास त्या धुळीत असतो. त्याच खोलीत पाळण्यात झोपलेले मूल, चुलीपाशी बसलेली त्याची आई आणि कोपऱ्यात खोकणारे आजोबा चोवीस तास असतात. घराचा कारखाना झाला की कारखान्याचा आजारही घरात येतो. तो थोपवायचा कसा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

गिरणीने शिकवलेला धडा

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात ही धूळ सर्वांत जास्त. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही या आजाराची जुनी खूण. पुढे हे आवळणे रोजचे होते आणि शेवटी दम कायमचा लागतो. पण दमा म्हणा, ब्राँकायटिस म्हणा, विडीचा खोकला म्हणा, असे म्हणत कितीतरी कामगारांचे आयुष्य गेले. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात हा धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नोंदवलेला होता, तरी भरपाई आपणहून हातात पडत नव्हती. नव्वदच्या दशकात मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कामगारांच्या तपासण्या करून हा प्रश्न धसास लावला, तेव्हा त्याची दखल घेतली गेली.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात एक साधे तत्त्व लिहिले होते. धूळ जिथे निर्माण होते, त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. मात्र विजेवर चालणाऱ्या कामाला तो कायदा साधारणपणे दहा कामगारांपासून पुढे लागू होता, आणि फक्त घरच्या माणसांच्या मदतीने चालणारे काम त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. म्हणजे गिरणीत निदान निरीक्षक येण्याची सोय होती, घरात तीही नाही. घरात निरीक्षक आपणच व्हायचे. कायदे बदलले तरी ते तत्त्व बदललेले नाही.

दिसते ती धूळ आणि न दिसते ती

जमिनीवर पडलेला भुसा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण तोच झाडतो. पण तो फारसा आत जात नाही. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून लहान कण घशाच्या खाली उतरतात आणि चार-पाच मायक्रॉनचे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. मशीन बंद केल्यावरही हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात. ‘आता काम संपले’ म्हणून मुलाला आत बोलावतो, तेव्हा ते तिथेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ साली आणि दगड, सिमेंट, टाइल्स यांतून उडणारी सिलिकाची धूळ १९९७ साली कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली. लाकडाच्या धुळीने विशेषतः नाकाच्या आतल्या भागाला धोका असतो. एमडीएफ कापताना लाकडाबरोबर त्यातला फॉर्मल्डिहाइडचा डिंकही उडतो. जहाजातून निघालेल्या जुन्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांच्या रंगात शिसे असू शकते आणि केबिनच्या तक्त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. असा माल घरात घासू किंवा कापू नये. शंका असेल तर तो घेऊच नये.

व्यवस्था कशी लावावी

पहिली गोष्ट, धूळ कमी करा. जिथे रंधा, हातकरवत आणि पटाशी चालते तिथे मशीन लावू नका. रंध्यातून जाड ढलप्या निघतात, त्या खाली पडतात. सँडरमधून भुकटी निघते, ती हवेत जाते. धार चांगली असेल तर पॉलिश पेपर कमी लागतो. लाद्या कापताना पाणी सोडावे, पण त्यासाठी बनवलेल्या कटरवरच, आणि विजेची काळजी घेऊन. मोठ्या फळ्या शक्यतो लाकूडबाजारातच कापून आणाव्यात. चार पैसे जातात, पण अर्धी धूळ घरात येत नाही.

दुसरी गोष्ट, धूळ उठते तिथेच धरा. ओले-सुके ओढणारा व्हॅक्यूम घेऊन त्याची नळी थेट सँडरच्या किंवा करवतीच्या तोंडाला जोडावी. साध्या पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते, म्हणून हेपा फिल्टर घ्यावा. नळीच्या मध्ये २० लिटरचा रंगाचा मजबूत डबा बसवावा. झाकणातून नळी आत तिरकी सोडली की हवा डब्यात गोल फिरते, जड भुसा कडेने तळाशी बसतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. घासकामासाठी एक लाकडी पेटी करावी. तिच्या वरच्या फळीला भोके पाडावीत आणि बाजूला व्हॅक्यूमची नळी जोडावी. वस्तू त्या फळीवर ठेवून घासली की बरीचशी धूळ खाली ओढली जाते.

तिसरी गोष्ट, हवेला वाट द्या. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि दार किंचित उघडे ठेवावे. आपण दाराकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे हवा पाठीमागून येऊन धूळ खिडकीकडे नेते. छताचा पंखा मात्र बंद ठेवावा, कारण तो धूळ घरभर फिरवतो. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा चाळीच्या गॅलरीत नसावे. आपला खोकला दुसऱ्याच्या घरी पाठवणे म्हणजे उपाय नव्हे. कामाची जागा आणि राहण्याची जागा यांच्यात जाड प्लास्टिकचा पडदा लावावा. पीठ, पाणी आणि अंथरूण झाकून ठेवावे. काम चालू असताना लहान मूल आत नको.

चौथी गोष्ट, कोरडा झाडू वापरू नका. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते आणि ती झाडणाऱ्या बाईच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे मोरीपाशीच उतरवून वेगळे धुवावेत. आणि ही साफसफाई घरच्या बाईने नव्हे, ज्याने धूळ केली त्याने करावी.

मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा एफएफपी-२ मास्क घ्यावा आणि तो गालाला घट्ट बसतो की नाही ते पाहावे. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते. आणि कारागिराने मास्क लावला तरी पाळण्यातल्या मुलाने लावलेला नसतो, हे विसरू नये.

हत्यारे आणि वीज

मार्बल कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाची दातेरी चकती लावून प्लायवूड कापण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ही पद्धत बोटे घेते. त्या मशीनचा वेग आणि झाकण त्या चकतीसाठी केलेले नसते. लाकडासाठी लाकडाचीच गोल करवत वापरावी आणि तिचे झाकण काढू नये. फिरत्या हत्याराजवळ सैल बाही, ओढणी, बांगड्या आणि हातमोजेही नकोत. डोळ्यांना चष्मा असावा, कानांना बोंडे असावीत. फळी हाताने धरू नये, शिकंज्यात आवळावी.

मशीनला तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. लोखंड घासताना ठिणग्या उडतात, म्हणून ते काम भुशाजवळ करू नये आणि दोन्ही धुळी एका डब्यात जमवू नयेत. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाकावीत. पॉलिशचे स्पिरिट शेगडीपासून दूर असावे. भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढावी. काय जागेवर नाही ते लगेच दिसते आणि पटाशी मुलाच्या हाती लागत नाही.

पैसे कसे लावावेत

हिशेब ठेवणारे म्हणून आम्ही एवढेच सुचवतो की नवे मशीन घेण्यापूर्वी पैसे या क्रमाने खर्च करावेत: आधी आरसीसीबी, मग एक्झॉस्ट पंखा, मग व्हॅक्यूम आणि डबा, आणि मास्क तर पहिल्या दिवसापासून. कोटेशन देताना माल आणि मजुरी धरतो, तसा धुळीचा खर्चही धरावा. तो गिऱ्हाइकाकडून घेण्यात लाज नाही. गिरणीमालकाने तो कधी धरला नाही, म्हणून तो कामगाराच्या छातीवर चढला.

खोकला तीन आठवड्यांच्या वर राहिला, किंवा सुट्टीत बरे वाटून कामाला लागताच छाती भरू लागली, तर जे. जे. किंवा केईएममध्ये दाखवावे. डॉक्टरांना आपण काय काम करतो, किती वर्षे करतो आणि घरातच करतो, हे आपणहून सांगावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे सांगितले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. बांधवांनो, कसब पुढच्या पिढीला जरूर द्या. त्याबरोबर खोकला देऊ नका.