चोविसांतल्या तीन जागा

चोवीस जागांपैकी एकवीस जिंकणारा पक्ष सहसा गुलाल उधळतो. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील स्वाझीलँड या छोट्या राज्यात मे १९७२ मध्ये असाच निकाल लागला आणि राजवाड्यात अस्वस्थता पसरली. उरलेल्या तीन जागा विरोधकांकडे गेल्या होत्या. अकरा महिन्यांनी त्या देशात ना राज्यघटना उरली होती, ना पक्ष, ना संसद. तीन जागांना एवढे भ्यावे असे काय होते?

उत्तरासाठी आधी राजाकडे पाहावे लागते. दुसरा सोभुझा १८९९ मध्ये तान्हा असतानाच वारस ठरला आणि १९२१ मध्ये त्याने कारभार हाती घेतला. १९०७ च्या ब्रिटिश वाटणीत स्वाझींच्या वाट्याला त्यांच्याच भूमीचा जेमतेम एक तृतीयांश भाग आला होता. उरलेली जमीन परत मिळावी म्हणून सोभुझा १९२२ मध्ये लंडनला गेला. पुढे तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढला आणि १९२६ मध्ये हरला. तरी जमिनीसाठी भांडणारा राजा ही त्याची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसली. त्याची लोकप्रियता बंदुकीच्या धाकातून आलेली नव्हती, हे मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा ब्रिटिशांनी सोबत आणली ती त्यांच्या घरची पद्धत: पक्ष, मतपेटी आणि संसद. राजाला पक्ष ही कल्पनाच रुचत नव्हती. पक्षांमुळे माणसे फुटतात, असे त्याला वाटे. तरीही मैदान मोकळे सोडायचे नाही म्हणून १९६४ मध्ये राजाच्या पाठीराख्यांनी स्वतःचाच पक्ष काढला. त्याचे नाव इम्बोकोद्वो. या शब्दाचा अर्थ दळण्याचा दगड, आपल्याकडचा वरवंटा म्हणा ना!

समोर होती डॉ. अँब्रोझ झ्वाने यांची एन्ग्वाने नॅशनल लिबरेटरी काँग्रेस. शहरांतले शिकलेले लोक आणि खाणी-मळ्यांवरचे मजूर हा तिचा आधार. १९६३ मध्ये बिग बेंडच्या ऊसमळ्यांत आणि हॅवलॉकच्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणीत संप झाले, तेव्हा ब्रिटिशांना केनियाहून सैन्य विमानाने आणावे लागले होते. परंपरेच्या चौकटीबाहेर पगारावर जगणारा एक नवा माणूस देशात तयार झाला होता, तो असा.

एप्रिल १९६७ ची निवडणूक आठ मतदारसंघांत झाली. प्रत्येक मतदारसंघातून तीन प्रतिनिधी निवडायचे आणि प्रत्येक मतदाराला तीन मते. या रचनेत ज्याचे बहुमत तोच बहुधा तिन्ही जागा नेतो. इम्बोकोद्वोला सुमारे ७९ टक्के मते पडली आणि सर्वच्या सर्व २४ जागा मिळाल्या. झ्वाने यांच्या पक्षाला सुमारे २० टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. अशी एकमुखी संसद घेऊन ६ सप्टेंबर १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. राजाच्या दृष्टीने निवडणूक म्हणजे प्रजेने भरसभेत दिलेला होकारच ठरला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक १९७२ ची. म्फुमलांगा या मतदारसंघात विरोधकांनी तिन्ही जागा जिंकल्या. ज्या नियमाने १९६७ मध्ये त्यांना शून्यावर ठेवले होते, त्याच नियमाने आता तीन आमदार दिले.

त्या तिघांपैकी एक भेकिंद्लेला थॉमस न्ग्वेन्या. निकालानंतर काही दिवसांतच सरकारने त्यांना परदेशी नागरिक ठरवून सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत धाडले. त्यांचा जन्म पलीकडचा, असा सरकारचा दावा होता. सीमा गोऱ्यांनी आखलेली आणि स्वाझी लोक तिच्या दोन्ही बाजूंना राहणारे. तिथे जन्मस्थळाचा वाद उकरून काढणे सोपे होते. न्ग्वेन्या न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना स्वाझी नागरिक ठरवले. नोव्हेंबरमध्ये संसदेने इमिग्रेशन कायदा बदलला आणि नागरिकत्वाचा प्रश्न खास न्यायाधिकरणाकडे सोपवला. न्यायाधिकरणाने अपेक्षित निकाल दिला. मार्च १९७३ मध्ये अपील न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द ठरवली: घटनेने न्यायालयाला दिलेला अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही.

आता दोनच वाटा होत्या. एका विरोधी आमदाराला संसदेत बसू द्यायचे, किंवा घटनाच बाजूला सारायची. १२ एप्रिल १९७३ रोजी संसदेने घटना निरुपयोगी असल्याचा ठराव केला आणि राजाने ती रद्द केली. सर्व सत्ता त्याने स्वतःकडे घेतली. पक्षांवर बंदी आली आणि खटल्याविना साठ दिवस डांबून ठेवण्याची तरतूद झाली. परक्या राजकीय चालीरीतींनी देश बिघडत आहे, हे राजाचे कारण. त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. घटना खरोखरच बाहेरून आली होती. पण म्फुमलांगाचे मतदार बाहेरून आलेले नव्हते.

१९७८ मध्ये निवडणुका परतल्या, त्या ‘टिंखुंडला’ नावाच्या नव्या रचनेत. मतपेटी नव्हती. उमेदवार आपापल्या फाटकापाशी बसत आणि मतदार पसंतीच्या फाटकातून सर्वांदेखत जात. कोण कुठून गेले, हे गावाला दिसे. गुप्त मतदान १९९३ मध्ये आले. २००५ च्या घटनेतही उमेदवाराने व्यक्ती म्हणूनच उभे राहायचे, पक्षाच्या नावावर नाही. २०१८ मध्ये देशाचे नाव एस्वातिनी झाले. हा नियम मात्र तसाच आहे.

नवस्वतंत्र राजेशाहीत निवडणुकीची परीक्षा राजा जिंकतो तेव्हा होत नाही. १९६७ मध्ये सगळे सुरळीत वाटले, कारण कुणाचेच काही बिघडले नव्हते. विरोधात पडलेल्या मताला संसदेत हक्काची खुर्ची मिळते की नाही, हा प्रश्न पहिल्यांदा १९७२ मध्ये समोर आला. एकवीस जागा हाती असलेल्या राजाला उरलेल्या तीन आपल्याशा करता आल्या नाहीत, आणि त्याची किंमत म्फुमलांगाबरोबर साऱ्या देशाने मोजली.