भौतिकोपचाराचें उच्च शिक्षण

चोळणें, शेकणें आणि हातपाय हलविण्यास शिकविणें एवढेंच ज्याचें काम, त्यानें पदवीनंतर आणखी ३ वर्षें विद्यापीठांत कां घालवावीं, असा प्रश्न भौतिकोपचाराविषयीं पुष्कळांच्या मनांत येतो. अमेरिकेंत १९१८ सालीं, पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिकांसाठीं, स्त्रियांना थोड्याच महिन्यांत हें काम शिकवून तयार करण्यांत आलें. आज तेथें ह्या व्यवसायांत नव्यानें शिरणाऱ्यास ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ ही पदवी घ्यावी लागते. क्रायटन विद्यापीठानें हा अभ्यासक्रम १९९३ सालीं सुरू केला.

विद्यार्थी शरीररचनेच्या अभ्यासांत स्नायू, सांधे व मज्जातंतू ओळखतो, गुडघा किती अंश वांकतो हें कोनमापकानें मोजतो, आणि निदान ३० आठवडे अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखालीं रोग्यांवर उपचार करतो. परंतु खरी कसोटी निराळीच आहे. पोटरी दुखते म्हणून आलेल्या रोग्याचा स्नायू लचकलेला असेल, अथवा खोल शिरेंत रक्ताची गुठळी झालेली असेल. पहिल्यास बेताच्या व्यायामानें आराम पडतो. दुसऱ्याची पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसांत अडकण्याचा व प्राणावर बेतण्याचा संभव असतो. एकाच पायाची सूज, उष्णता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया ह्या खुणा दिसतांच त्यास विनाविलंब वैद्याकडे पाठविणें अवश्य असतें.

अमेरिकेंत रोग्यास वैद्याच्या चिठ्ठीवांचूनही भौतिकोपचारकाकडे जातां येतें. म्हणून हा निर्णय पुष्कळदां प्रथम त्यालाच घ्यावा लागतो; आणि हात केव्हां लावूं नये हें कळण्यास हात चालविण्याहून अधिक अभ्यास लागतो.