पांढरा म्हणजे पांढराच हवा!

बॅचच्या ग्रुपवर नेव्ही ब्लू स्वेटशर्ट फायनल झाला. छातीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, पाठीवर सगळ्यांचे नंबर. पैसेही जमले. आता काय, फक्त प्रिंटिंग! असं वाटत असेल तर जरा थांबा. कुठल्याही स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला विचारा, गडद कापडावर पांढरं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड ठासून भरलेलं असतं. शाई घट्ट, आणि नांदेड-लातूरच्या जानेवारीतल्या सकाळी तर आणखीनच घट्ट. डबा उघडून नीट घोटली की ती मऊ होते. हे न करता काही जण सरळ पातळ करणारं द्रव्य ओततात आणि मग प्रिंट राखाडी दिसतो. स्वेटशर्टचं कापडही लबाड. ते दाबलं की बसतं, सोडलं की वर येतं आणि त्याची लव शाईतून डोकावते.

यावरचा फंडा सोपा आहे. जाळी इंचाला ११० ते १६० धाग्यांची आणि ताणून बसवलेली हवी. एक हात मारायचा, फ्लॅशखाली बोटाला चिकटणार नाही इतपतच सुकवायचं आणि मग दुसरा हात. जास्त सुकवलं तर वरचा थर धरत नाही. एकाच हातात जाडजूड शाई थापली तर ती वरून सुकते, आतून कच्ची राहते. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये हा दुसरा हातच गायब असतो, म्हणून भाव विचारताना तेही विचारा.

खरा दगाफटका मात्र कापडाचा. कोरा माल तिरुपूरचा असो की लुधियानाचा, त्यात पॉलिएस्टर किती हे लेबलवर बघा. प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि त्याच उष्णतेत पॉलिएस्टरचा रंग सुटून शाईत चढतो. मरून स्वेटशर्टवरचा पांढरा गुलाबी होतो, तोही कधी कधी दोन दिवसांनी, म्हणजे वाटप होऊन गेल्यावर! अशा मालाला कमी उष्णतेत पिकणारी, रंग अडवणारी शाई किंवा खाली राखाडी थर लागतो. सुती कापड जास्त असेल तर हे टेन्शन बरंच कमी. शिवाय स्वेटशर्ट जाड, त्यात दमटपणा मुरलेला. टी-शर्टपेक्षा तो जास्त वेळ तापवावा लागतो, हे घाईत विसरलं जातं.

आणि हो, डिझाइन एकदाच फायनल करा. शेवटच्या क्षणी बदललेल्या स्पेलिंगसाठी नवी स्क्रीन काढावी लागते आणि ती धुवायला पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ‘एवढंसं तर आहे, करून द्या ना’ म्हणणं बरं दिसत नाही.

ऑर्डरआधी त्याच कापडाचा एक नमुना छापून घ्या. प्रिंट दोन्ही हातांनी ताणा. तडे गेले, तर शाई कच्ची आहे. मग धुऊन बघा आणि तीन-चार दिवस तसाच ठेवा. आपल्याकडची थंडी डिसेंबर-जानेवारीची पाहुणी, म्हणजे हा नमुना दिवाळीच्या आसपासच हातात हवा.