सुगंधी झाडं, औषधी तेलं (लेखांक ६) : दलदलीतलं टी ट्री

पेरूचं पान उजेडासमोर धरलं, की त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. जांभूळ, लवंग, निलगिरी आणि आजचं आपलं झाड टी ट्री, ही सगळी पेरूच्याच कुळातली. मागच्या लेखांकात चंदन पाहिलं. चंदनाचं तेल गाभ्यात असतं, त्यामुळे ते मिळवायचं तर झाड मुळासकट काढावं लागतं. टी ट्रीचं तेल पानात असतं. पानं घ्यायची आणि झाड राखायचं, हे इथे जमतं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याचा ईशान्य भाग हे टी ट्रीचं माहेर. रिचमंड आणि क्लॅरेन्स नद्यांच्या खोऱ्यांत, पावसाळी पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत ते वाढतं. शास्त्रीय नाव मेलाल्यूका आल्टर्निफोलिया. सुरूसारखी बारीक पानं, कागदासारखे पापुद्रे निघणारी साल. तिथले मूळ रहिवासी बंडजलंग लोक ही पानं चुरगाळून सर्दी-खोकल्यात हुंगत, जखमेवर त्यांचा लेप लावत. हे ज्ञान त्यांचं आहे, आणि झाडाची गोष्ट सांगताना त्यांचं नाव आधी यायला हवं. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात तेलाची तपासणी केली. त्या काळी जंतुनाशकाचं माप होतं कार्बोलिक आम्ल. टी ट्रीचं तेल त्याच्या सुमारे ११ पट प्रभावी ठरलं.

मग रानातल्या झाडांची पानं कोयत्याने ओरबाडून तिथेच भट्टी लावण्याचा धंदा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकं स्वस्त झाली आणि तो मंदावला. १९७० नंतर नैसर्गिक औषधांची मागणी परतली, तेव्हा लोकांनी रान सोडून मळे लावायला घेतले. हेक्टरी ३० हजारांहून अधिक रोपं, इतकी दाट लागवड. साधारण दर वर्ष-दीड वर्षाने यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर सगळं कापून नेतं आणि बुंध्याला नवे धुमारे फुटतात. एकच बुंधा अनेक वर्षं पीक देतो.

कापलेल्या फांद्या-पानांचा बारीक चुरा करून तो मोठ्या बंद पेटाऱ्यात भरतात आणि बॉयलरची वाफ खालून सोडतात. वाफ चुऱ्यातून वर चढते, तेलाच्या पिशव्या फोडते आणि तेलाला सोबत घेऊन निघते. तेलातल्या घटकांचे उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा बरेच वर असतात, पण पाण्याच्या वाफेसोबत ते शंभर अंशांच्या आतच उडतात. म्हणून नाजूक घटक करपत नाहीत. पुढे थंड नळीत वाफेचं पाणी होतं, तेल हलकं असल्याने वर तरंगतं आणि वरचेवर काढून घेता येतं. कनौजच्या अत्तरवाल्यांच्या डेग-भपक्यातही तत्त्व हेच. १०० किलो ओल्या मालातून एक ते दोन किलो तेल हाती येतं. कोवळ्या पानांतला एक घटक या उष्णतेत रूप बदलून टर्पिनेन-४-ऑल होतो, आणि तेलाचा जंतुनाशक गुण मुख्यतः याच टर्पिनेन-४-ऑलमुळे. म्हणजे भट्टी तेल नुसतं बाहेर काढत नाही, काही अंशी घडवतेही.

झाडाची जात एक असली, तरी प्रत्येक झाडाचं तेल सारखं नसतं. शेजारी वाढलेल्या दोन झाडांपैकी एकात टर्पिनेन-४-ऑल भरपूर, तर दुसऱ्यात निलगिरीसारखं सिनिओल जास्त, असं आढळतं. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून बियाणं निवडून घ्यावं लागतं. आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के हवं आणि सिनिओल १० टक्क्यांच्या वर नको. बनावट तेलात कारखान्यातलं टर्पिनेन-४-ऑल मिसळून आकडा गाठता येतो. पण या रेणूची उजवी आणि डावी अशी दोन रूपं असतात. अस्सल तेलात उजवी सुमारे दोन तृतीयांश असतात, हे प्रमाण बनावटीत सहसा जुळत नाही. बाटलीवर ‘१०० टक्के नैसर्गिक’ एवढंच छापलेलं असेल, तर माझ्या मते ते पुरेसं नाही. झाडाचं शास्त्रीय नाव आणि तपासणीचा आकडा मागावा.

उपयोग किती? सिडनीत १२४ रुग्णांवर झालेली आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली मुरुमांची चाचणी मला महत्त्वाची वाटते. पाच टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड अशी तुलना होती. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण जळजळ-कोरडेपणाचा त्रास कमी झाला. ही चाचणी पाच टक्क्यांची होती, शुद्ध तेलाची नव्हे. पाच टक्के म्हणजे एक मिलीलीटर तेलाला १९ मिलीलीटर दुसरं माध्यम. आपल्याकडे माध्यम म्हणून हात लगेच खोबरेलाकडे जातो. मुरुमांच्या चेहऱ्यावर ते नको, त्वचेची छिद्रं त्याने बुजतात.

तेलाला हवा आणि ऊन सोसत नाही. उघड्या बाटलीत ऑक्सिजन शिरतो, घटक बदलतात आणि त्वचेला ॲलर्जी देणारी द्रव्यं तयार होतात. ज्यांना या तेलाने पुरळ उठतं, त्यांच्यापैकी अनेकांच्या त्रासामागे असं जुनं तेल असतं. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड जागा हवी. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर पातळ मिश्रण लावून दोन दिवस पाहावं.

आणि हे तेल पोटात घ्यायचं नाही, कोणत्याही कारणाने. दीड वर्षाच्या मुलाने १० मिलीलीटरहून कमी तेल गिळल्यावर त्याला गुंगी आली आणि तोल सावरेना, अशी वैद्यकीय नोंद आहे. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरही हे तेल चोळू नये, त्यांना त्याची विषबाधा होते. मुलाने चुकून प्यायलं, तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

पुढच्या आठवड्यात निलगिरी : १८४३ च्या सुमारास ती दक्षिणेतल्या डोंगरांवर कशी आली आणि मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने तिच्या तेलाचा धंदा कसा उभा केला.