विनिपेगच्या थंडीत काय घालावं?

जानेवारीत कॅनडात, त्यातही विनिपेगला शिकायला निघालेल्यांनो, तिथे पारा उणे ३० च्याही खाली जातो. पुण्या-मुंबईतल्या जॅकेटवर हिवाळा निघणार नाही. खरा पार्का तिथेच घ्या. इथून न्यायचेच तर मेरिनो लोकरीचे थर्मल न्या. सुती बनियन नकोच, ते घाम धरून ठेवतं आणि ओल्या कपड्यात अंग गार पडतं. वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारा पार्का.

बूट मात्र नीट पारखा. जाड मोज्यांसकट घातल्यावर आत बोटं हलली पाहिजेत. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, मग लोकर कितीही जाड असो, पाय गारठतातच. हातांसाठी चारही बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त उबदार.

आणि कानटोपी, हातमोजे, फ्लीस चेक-इन बॅगेत टाकू नका, हाताशीच ठेवा.