केइजी नाकाझावा : 'अनवाणी गेन'कार चित्रकथाकाराचे जीवन व कार्य

गोषवारा

हिरोशिमावरील अणुबाँबहल्ल्यातून वाचलेले जपानी चित्रकथाकार केइजी नाकाझावा (१९३९–२०१२) यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. त्यांच्या 'हादाशी नो गेन' म्हणजे 'अनवाणी गेन' या दहा खंडांच्या चित्रकथेची निर्मितीप्रक्रिया, तिच्यातील अनुभव व कल्पित यांचे नाते आणि शालेय शिक्षणातील तिच्या स्थानाविषयी झालेले वाद यांचा विचार येथे केला आहे. बालवाचकांसमोर इतिहासातील भीषण सत्य कसे व किती मांडावे, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : मांगा, हिरोशिमा, साक्षसाहित्य, चित्रकथा, शांतताशिक्षण

१. प्रस्तावना

चित्रकथा म्हटली की ती मुलांच्या करमणुकीची वस्तू, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित वर्गात आजही आढळते. साहित्याच्या अभ्यासक्रमात कथा, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र यांना स्थान असते. चित्र व शब्द यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या कथनप्रकाराला ते क्वचितच मिळते. जपानमध्ये मात्र 'मांगा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात समाजजीवनाची सर्व अंगे व्यापली. बालसाप्ताहिकांपासून प्रौढांच्या मासिकांपर्यंत त्याचा विस्तार झाला. या विस्तारात ज्या थोड्या कलावंतांनी मांगाला ऐतिहासिक साक्षीचे माध्यम बनविले, त्यांत केइजी नाकाझावा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ओसामू तेझुका यांच्याप्रमाणे नाकाझावा हे तंत्राचे प्रवर्तक नव्हते. त्यांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. जे त्यांनी वयाच्या सहाव्या वर्षी पाहिले, ते त्यांच्याच वयाच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केला.

२. बालपण आणि ६ ऑगस्ट १९४५

नाकाझावा यांचा जन्म १४ मार्च १९३९ रोजी हिरोशिमा येथे झाला. त्यांचे वडील पारंपरिक जपानी शैलीचे चित्रकार होते. लाकडी पादत्राणांवर लाखेची नक्षी काढून ते कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. ते युद्धविरोधी मताचे होते व पुरोगामी नाट्यचळवळीशी त्यांचा संबंध होता. या मतांसाठी त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. युद्धकाळातील जपानमध्ये अशा माणसाच्या कुटुंबाला शेजाऱ्यांकडून कोणती वागणूक मिळत असेल, याची कल्पना करता येते. पुढे 'अनवाणी गेन'च्या पहिल्या खंडात या सामाजिक बहिष्काराचे सविस्तर चित्रण आले आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकेच्या विमानाने टाकलेला अणुबाँब हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्या वेळी सहा वर्षांचे नाकाझावा स्फोटकेंद्रापासून सव्वा किलोमीटरच्या आसपास असलेल्या आपल्या शाळेच्या फाटकाशी उभे होते. एका वर्गमित्राची आई त्यांना काही विचारीत होती. शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीची सावली त्यांच्यावर होती. त्या स्त्रीवर नव्हती. भिंतीने उष्णतेचा झोत अडविला आणि मूल वाचले. समोरची स्त्री भाजून मरण पावली.

घर कोसळून त्याखाली वडील, थोरली बहीण व धाकटा भाऊ अडकले आणि आगीत जळून गेले. आई गरोदर होती. ती वाचली, परंतु त्याच दिवशी रस्त्यावर तिची प्रसूती झाली. जन्मलेली मुलगी काही महिन्यांतच मरण पावली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमातील बळींची संख्या सुमारे १,४०,००० झाली असावी, असे मानले जाते. हा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत असतोच. नाकाझावा यांनी आयुष्यभर त्यातील चार नावांची कथा सांगितली आणि त्यातून त्या आकड्याला अर्थ प्राप्त करून दिला.

३. चित्रकथेकडे वाटचाल

युद्धोत्तर उपासमारीच्या दिवसांत तेझुका यांची १९४७ साली प्रसिद्ध झालेली 'शिन ताकाराजिमा' (नवे रत्नद्वीप) ही चित्रकथा नाकाझावा यांच्या हाती पडली आणि आपण चित्रकथाकारच व्हायचे, हे त्यांनी ठरविले. माध्यमिक शिक्षणानंतर ते पाट्या रंगविण्याच्या कामावर रुजू झाले. अक्षरे व आकृती ठळक, लांबून दिसतील अशा काढण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी; त्यांच्या पुढील रेखाटनांतील जाड, ठाम रेषा पाहता तसे म्हणावेसे वाटते.

१९६१ मध्ये ते टोकिओला गेले. प्रारंभी एका प्रस्थापित चित्रकथाकाराचे साहाय्यक म्हणून काम करून १९६३ पासून त्यांनी स्वतंत्र लेखन सुरू केले. या काळातील त्यांच्या कथा साहस, शर्यती, विज्ञानरंजन अशा रूढ विषयांवरील होत्या. हिरोशिमाचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला. यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. अणुबाँबग्रस्तांना जपानमध्ये 'हिबाकुशा' म्हणतात. किरणोत्साराचा संसर्ग होतो, या गैरसमजामुळे अशा लोकांना विवाह, नोकरी व दैनंदिन व्यवहार यांत भेदभाव सोसावा लागे. आपण हिरोशिमाचे आहोत हे सांगताच टोकिओतील लोकांच्या नजरा बदलतात, असा नाकाझावा यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी मौन पत्करले.

हे मौन केवळ व्यक्तिगत नव्हते. सप्टेंबर १९४५ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या व्यापी सत्तेने वृत्तपत्रांसाठी नियमावली लागू केली. तिच्यामुळे अणुबाँबच्या परिणामांविषयीचे लेखन १९५२ मध्ये व्यापकाळ संपेपर्यंत मोठ्या प्रमाणात दडपले गेले होते.

४. आईचा मृत्यू : मौनाचा शेवट

१९६६ साली नाकाझावा यांच्या आईचे निधन झाले. जपानी प्रथेनुसार दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी वेचून कलशात ठेवतात. अस्थिसंचयनाचा संस्कार परिचित असलेल्या मराठी वाचकाला या विधीचे गांभीर्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नाकाझावा अस्थी वेचण्यासाठी गेले तेव्हा राखेत ओळखता येईल असे हाड उरलेच नव्हते. होते ते केवळ पांढरे कण. किरणोत्साराने आईची हाडेही गिळली, अशी त्यांची भावना झाली. याला वैद्यकीय पुरावा किती, हा प्रश्न वेगळा. परंतु त्यांच्या लेखनजीवनाला या क्षणाने निर्णायक वळण दिले, याबद्दल दुमत नाही. टोकिओला परततानाच त्यांनी ठरविले की, आता बाँबविषयी लिहायचे.

यातून 'कुरोई आमे नी उतारेते' (काळ्या पावसाच्या माऱ्यात) ही कथा सिद्ध झाली. मोठ्या प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९६८ मध्ये प्रौढांसाठीच्या एका मासिकात ती प्रसिद्ध झाली. तिचा सूर सूडाचा आहे. त्या अर्थाने ती दुःखापेक्षा संतापाची निर्मिती होय. यानंतर 'शोनेन जंप' या लाखोंच्या घरात खप असलेल्या मुलांच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना प्रोत्साहन दिले. १९७२ मध्ये याच साप्ताहिकाच्या मासिक आवृत्तीने चित्रकथाकारांच्या आत्मकथनांची मालिका योजली. तिच्यासाठी नाकाझावा यांनी 'ओरे वा मिता' (मी पाहिले) ही छोटी आत्मकथा लिहिली. ती वाचून संपादकांनी याच अनुभवावर दीर्घ कथा लिहिण्याची सूचना केली.

५. 'अनवाणी गेन' : स्वरूप व विशेष

'हादाशी नो गेन' १९७३ च्या जूनमध्ये साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये सुरू झाली व १९७४ मध्ये तेथे थांबली. पुढील भाग वेगवेगळ्या छोट्या नियतकालिकांतून येत राहिले; शेवटचा टप्पा एका शैक्षणिक नियतकालिकात १९८७ पर्यंत चालला. करमणुकीच्या साप्ताहिकात जन्मलेली कथा शिक्षकांच्या नियतकालिकात पूर्ण व्हावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुस्तकरूपाने तिचे दहा खंड झाले.

नायकाच्या 'गेन' या नावासाठी योजलेल्या चिनी-जपानी चिन्हाचा अर्थ मूळ, उगम असा होतो. जळालेल्या भूमीवर अनवाणी पायांनी घट्ट उभा राहणारा मुलगा, अशी लेखकाची कल्पना होती. गव्हाचे रूपक या कथेत वारंवार येते. थंडीत पायदळी तुडविलेला गहू अधिक जोमाने उगवतो, तसे व्हा, ही वडिलांची शिकवण गेन कधी विसरत नाही.

या कथेत प्रत्यक्ष अनुभव व कल्पित यांची सरमिसळ कशी होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. कथेत गेन स्वतः कोसळलेल्या घरापाशी पोहोचतो, तुळई उचलण्याचा निष्फळ प्रयत्न करतो आणि वडील, बहीण व भाऊ यांना डोळ्यांदेखत जळताना पाहतो. वास्तवात नाकाझावा त्या वेळी तेथे नव्हते. तो प्रसंग आईने पाहिला व त्यांनी तिच्या तोंडून ऐकला. म्हणजे कथेतील सर्वांत हृदयद्रावक दृश्य हे आईच्या स्मृतीचे मुलाने केलेले चित्रण आहे. इतिहासाच्या काटेकोर कसोटीवर याला दोष देता येईल. परंतु जिच्या अस्थीही उरल्या नाहीत, तिची साक्ष मुलाने आपल्या नायकाच्या डोळ्यांत ठेवली, असा याचा अर्थ लावणे अधिक न्याय्य वाटते.

शैलीच्या दृष्टीने ही चित्रकथा बालमांगाच्या सर्व संकेतांचा स्वीकार करते. गोल चेहरे, मोठे डोळे, अतिशयोक्त हावभाव, मारामाऱ्या, खोड्या, गाणी हे सारे येथे आहे. याच चौकटींत अंगावरील त्वचा लोंबत असलेली माणसे पाण्यासाठी चालत येतात. या विसंगतीमुळेच वाचक हादरतो. मुले घाबरतात अशा तक्रारी येऊ लागल्यावर नाकाझावा यांनी चित्रणाची तीव्रता कमी केली. प्रत्यक्षात पाहिले ते याहून कितीतरी भीषण होते, असे ते सांगत.

आणखी एक विशेष नोंदविणे आवश्यक आहे. ही कथा केवळ अमेरिकेवर दोषारोप करून थांबत नाही. जपानी लष्करशाही, सम्राटाच्या नावाने चाललेली सक्ती, आशियाई देशांत जपानी सैन्याने केलेले अत्याचार, कोरियन शेजाऱ्याला मिळणारी हीन वागणूक आणि हिबाकुशांना त्यांच्याच समाजाने दिलेला त्रास यांवरही ती तितक्याच रोखठोकपणे बोलते. आपण बळी आहोत एवढेच सांगणारे साहित्य पुष्कळ असते. आपण अपराधीही होतो हे त्याच श्वासात सांगणारे विरळा. नाकाझावा यांच्या कार्याचे नैतिक बळ येथे आहे आणि पुढील वादांचे मूळही येथेच आहे.

६. प्रसार, माध्यमांतरे आणि वाद

१९७६ मध्ये टोकिओतील तरुण स्वयंसेवकांनी इंग्रजी भाषांतराचे काम हाती घेतले. जपानी चित्रकथेचे पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचलेले हे अगदी आरंभीचे भाषांतर होय. ज्यूंच्या संहारावरील 'माउस' या चित्रकथेचे कर्ते आर्ट स्पीगलमन यांनी इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. १९७६ ते १९८० या काळात या कथेवर तीन चित्रपट निघाले. १९८३ व १९८६ मध्ये सचेतपटही आले. जपानमध्ये तिला अनेक शालेय ग्रंथालयांत स्थान मिळाले. ज्या काळात शिक्षक मुलांच्या हातून मांगा काढून घेत, त्या काळात हीच एक चित्रकथा शाळेत उघडपणे वाचता येत असे, अशी आठवण अनेक जपानी वाचक सांगतात.

तरीही हे स्थान निर्विवाद राहिले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शालेय ग्रंथालयांतील हे खंड मुलांच्या मुक्त हाताळणीतून काढून बंद कपाटात ठेवण्यास सांगितले. जपानी सैन्याच्या अत्याचारांची दृश्ये मुलांना झेपणार नाहीत, असे कारण देण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये ही बाब उघडकीस आल्यावर देशभर टीका झाली व त्याच महिन्यात निर्बंध मागे घेण्यात आला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने शांतताशिक्षणाच्या पाठ्यसामग्रीतून या कथेतील उतारे वगळले. आजारी आईसाठी गेन शेजाऱ्याच्या तळ्यातील मासा चोरतो, या प्रसंगातून गैरसमज होईल आणि जुन्या काळचे लोकगायन आजच्या मुलांना कळणार नाही, अशी कारणे पुढे आली.

या दोन्ही निर्णयांमागील कारणे सर्वस्वी टाकाऊ आहेत, असे म्हणता येणार नाही. कोणत्या वयात काय वाचावे, याचा विचार शिक्षकाला करावाच लागतो. परंतु भुकेल्या मुलाने मासा का चोरला, हे समजावून सांगणे हेच शिक्षकाचे काम नव्हे काय? युद्ध मुलाला चोर बनविते, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे. प्रसंग वगळला की अर्थही वगळला जातो.

७. उत्तरायुष्य

दृष्टी क्षीण झाल्याने नाकाझावा यांनी २००९ मध्ये चित्रकथालेखनातून निवृत्ती जाहीर केली. 'अनवाणी गेन'चा पुढील भाग लिहिण्याचा त्यांचा मानस अपूर्ण राहिला. आपली मूळ चित्रे त्यांनी हिरोशिमा शांतता स्मृतिसंग्रहालयाकडे सोपविली. त्यानंतरही शाळांतून आपला अनुभव सांगण्याचे काम ते करीत राहिले. १९ डिसेंबर २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने वयाच्या ७३ व्या वर्षी हिरोशिमा येथे त्यांचे निधन झाले. मात्सुएतील निर्बंध आणि त्यांचा मृत्यू एकाच महिन्यातील होत. २०२४ मध्ये अमेरिकेतील आयस्नर पुरस्कारांच्या सन्मानदालनात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. त्याच वर्षी हिबाकुशांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नाकाझावा यांच्या हाती चित्रकथा हे इतिहासाच्या साक्षीचे समर्थ माध्यम ठरले. बालवाचकासाठी असल्याने तिचे मूल्य कमी होत नाही. दुसरा असा की, साक्षसाहित्यात अनुभव व कल्पित यांची सीमारेषा अभ्यासकाने सावधपणे पाहावी, मात्र केवळ तिच्यावरून साक्ष खोटी ठरवू नये. तिसरा निष्कर्ष अध्यापकांशी संबंधित आहे. हिरोशिमाचा अनुभव स्वतः सांगू शकणारी पिढी झपाट्याने अस्तंगत होत आहे. यापुढे ती साक्ष ग्रंथालयाच्या फडताळातूनच मिळणार. ते फडताळ उघडे ठेवायचे की बंद, आणि उघडे ठेवल्यास मुलाच्या शेजारी बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी शिक्षकांवर आहे. अणुबाँबविषयी बोलण्यासाठी नाकाझावा यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांनी मोठ्या कष्टाने मोडलेले मौन वर्गात पुन्हा प्रस्थापित होऊ नये, एवढी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.